भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

समस्त रोहेकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या बालवाडीत एका मावशीने चार वर्षांच्या पोराच्या गालाला हात लावला. पोर हसलं. गुन्हा सिद्ध झाला.

मावशी म्हणजे मी. शिक्षा तिथेच झाली. पालकांच्या देखत बालवाडीच्या मोठ्या मॅडमनी मला नळावर हात धुवायला लावले.

"परत धुवा. साबण लावून."

एक आई दुसरीला म्हणाली, "कुठल्या घरातल्या असतात, कोण जाणे." हळू नाही. मला ऐकू जाईल असं.

मी खारेपाटातली. बाप पेणकडे मिठागरात राबला. घर मला माहीत होतं. मी पुन्हा साबण लावला. हात धुतले.

आता गुन्ह्याची हकीकत ऐका. लग्नाआधी मी पेणला गणपतीच्या कारखान्यात होते. माती मळायची, साचे पुसायचे. डोळ्यांची आखणी मात्र मोठ्या कारागिरांची. मला ब्रशला हात लावू देत नसत. इथे बालवाडीत मी त्याचा सूड घेतला. पोरं उंडारली, वर्गाच्या बाई ओरडून दमल्या, की मी दारात उभी राहून गर्जना करायची, "कारखाना उघडला! माती ओली हाय, हललात तर तडा जाईल!" अख्खा वर्ग गणपती. कुणाचे कान हाताने सुपाएवढे, कुणाचं पोट पुढे. मग मी एकेकाच्या डोळ्यांवरून बोट फिरवायची. ज्याचे डोळे झाले तो देवासारखा शांत उठायचा. सोहम तर चावरा पोरगा. आई कंपनीत शिफ्टला, त्याला उजाडायच्या आत शेजारी सोडून जायची. तोही पाळी येईपर्यंत श्वास धरून बसायचा.

एकदा डोळे आखताना बोट गालावर गेलं, ते पालकांनी पाहिलं, आणि कारखाना बंद झाला. मुलांना हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. आणि मॅडम कुठल्याशा शिबिराला जाऊन एक खुर्ची घेऊन आल्या. लाल, छोटी, गोंडस. भिंतीकडे तोंड. पहिला मान सोहमचा.

"मावशी!" तो रडायचा. मी बाहेर झाडू घेऊन उभी. आत जायचं नाही. घरात पगार माझ्या एकटीचा, नवरा अंथरुणाला. काय करणार? मी मूळचीच नाटकी. पुढल्या खेपेला मी त्या भिंतीच्या खिडकीतून माकडाचं तोंड केलं. सोहम खदखदून हसला.

"शिक्षेत हसतोस? आणखी बस."

नाटक मी केलं, भरलं त्याने. त्यानंतर मी खिडकीकडे गेले नाही. झाडत राहिले. तो हाका मारत राहिला. मग हाकाही बंद झाल्या. मॅडम खूश. "बघा, सुधारला."

गेल्या सोमवारी तो खुर्चीतच मुतला. वर्ग हसला. मला बोलावणं आलं.

"मावशी, फरशी पुसून घ्या. त्याला उचलू नका. लक्ष वेधून घेतोय."

मी पोछा घेऊन गेले. खाली वाकले. खुर्चीखाली पोछा घातला, तर पोराने दोन्ही पाय वर उचलून धरले. मला पुसायला सोपं जावं म्हणून. भिंतीकडे बघतच. रडला नाही. चार वर्षांच्या पोराला इतकं कळायला लागलं होतं.

मी उठले. पोछ्याची काठी मॅडमच्या हातात दिली. ओल्या चड्डीसकट त्याला कडेवर घेतलं. दारातल्या बाई बाजूला झाल्या. घर, पगार, नवऱ्याची औषधं, सगळं डोळ्यांपुढे होतं. तरी माझ्या तोंडून मोठ्याने निघालंच:

"मॅडम, फरशी तुमी पुसा. पोराला मी उचलणार. आज पन, उद्या पन."