हिच्या नावावरची चोरी

रजईला खोळ घालणं हे एकट्या माणसाचं काम नाही. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी ते केलं. ही खांद्यापर्यंत खोळीत शिरली होती आणि मी बाहेरून टोकं धरून उभा होतो.

“अहो, टोक धरा म्हटलं, झेंडा नका धरू!” ही आतून ओरडली.

“तू आधी बाहेर ये. सापडली नाहीस तर पोलिसांना कळवावं लागेल.”

“कळवा की. त्यांना मी तोंडपाठ आहे.”

आणि हसली. पोलिसांच्या नावावरून ही किती तरी महिन्यांनी हसली. दुपारी छातीत दुखायला लागलं, अँब्युलन्स आली, संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये ही गेली. एवढंच.

आता पोलिसांचं सांगतो. मी शिकलेला नाही, जसं घडलं तसं लिहितो. कामाची सगळी वर्षं इथे इंग्लंडात, स्लाऊ गावच्या वेअरहाऊसमध्ये खोकी उचलली. रिटायर झाल्यावर आम्ही एका लहान गावात घर घेतलं. तिथे फुलवाली कुठली? ही पहाटे फिरायला जायची आणि येताना कुणाच्या ना कुणाच्या कुंपणावरची दोन-चार फुलं पूजेला आणायची. आपल्याकडे सकाळी निम्मी गल्ली पिशवी घेऊन हेच करते, कोणी त्याला चोरी म्हणत नाही. एका घरापुढे कमेलियाचं झाड होतं, जास्वंदीसारखी लालभडक फुलं. मंगळवारी गणपतीला ही त्यातली घ्यायची. त्या घरच्या बाईने एके दिवशी पोलिसांना बोलावलं.

चौकीत विचारलं, फुलं तुम्ही घेतली? ही म्हणाली, हो, मीच. सही करा म्हणाले, हिने केली. कोर्ट नाही, दंड नाही, समज देऊन घरी पाठवलं. त्याला इथे कॉशन म्हणतात. आम्हाला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. पुढे आमच्या गल्लीतल्या प्रायमरी शाळेला एक आजी हवी होती. भारतातून नुकती आलेली पोरं, इंग्रजी येत नाही, दिवसभर रडतात, त्यांच्याजवळ बसायला. पगार नाही. ही इतकी हरखली की साडीवर घालायला नवा स्वेटर आणला. शाळेने नियमाप्रमाणे पोलिसांकडे चौकशी केली आणि हिच्या नावापुढे आलं: चोरी. शाळेच्या मोठ्या बाई गोड बोलल्या, पण नाही म्हणाल्या.

ही घरी येऊन देव्हाऱ्यापुढे बसली. “अहो, मी चोर म्हणूनच मरायचं का?”

मी म्हटलं, “कोण म्हणतंय चोर?”

“सरकार म्हणतंय. तुमच्या म्हणण्याला कोण विचारतो?”

मग आम्ही वकील गाठली. आपल्याच माणसांची मुलगी, जन्म इथला, चाळिशी गाठलेली. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, “काकू, नीट आठवा. फुलं झाडावरची तोडली, की खाली पडलेली उचलली? पडलेली असतील तर आपल्याला खूप सोपं जाईल.”

मी टेबलाखालून हिच्या पायाला पाय लावला. म्हण की बाई, पडलेली होती. कोण बघायला आलंय?

“पडलेली फुलं?” ही केवढ्याने बोलली! “मातीत पडलेलं फूल मी गणपतीला वाहीन होय? झाडावरचीच तोडली. चांगली बघून तोडली. आणि तुम्ही पाय काढा हो!”

वकील खाली बघून हसायला लागली. मी मात्र हिच्या तोंडाकडे बघतच राहिलो. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई एवढी उंच आहे हे मला त्या खुर्चीत कळलं. नाव धुऊन हवं होतं तिला, त्यासाठी झुरत होती, पण एका खोट्या शब्दाने धुतलेलं नको होतं.

शेवटी वकिलीणबाईंनी वेगळीच वाट काढली. चौकीत दुभाषा दिला नव्हता, सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला हे हिला कोणी सांगितलं नव्हतं, नाही म्हणायचा हक्क आहे हेही नाही. तसं तिने पोलिसांच्या मोठ्या साहेबाला लिहिलं. मग नुसती वाट बघणं.

ही गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. लेक लीड्सहून रात्रीच आली होती, पण फोन मीच घेतला. वकिलीणबाईंचा होता.

“काका, काकूंना द्या ना! गुड न्यूज आहे.”

“काकू काल गेली. मला सांग.”

ती रडायलाच लागली. मग म्हणाली, “पोलिसांनी मान्य केलं, काका. ते कॉशन चुकीचं होतं. सगळं काढून टाकलं, कम्प्युटरमधूनसुद्धा.”

मी भिंतीला टेकलो. त्या कम्प्युटरमध्ये अख्ख्या देशाचे खुनी, दरोडेखोर असणार. त्या एवढ्या ढिगाऱ्यात कोणी तरी हात घातला, एका म्हातारीची तेवढी एक ओळ शोधली आणि पुसली. वर आमची चूक झाली म्हणाले. सरकार असं म्हणतं? ओरडून हिला सांगणार होतो, तोंड उघडलंही.

इथे माणूस गेलं तरी अंत्यविधीला आठवडा लागतो. घरात बसून काय करणार? बूट घातले. लेक म्हणाली, “बाबा, आज कुठे निघालात?”

“शाळेत.”

मोठ्या बाई दारातच भेटल्या. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, “माझी बायको काल वारली. तिने चोरी केली नव्हती. पोलिसांनी ते काढून टाकलंय. पुन्हा विचारून खात्री करा.”

बाईंनी हात पुढे केला, कसंबसं सॉरी म्हणाल्या. मी हात घेतला.

म्हटलं, “तेव्हा ज्यांना ज्यांना सांगितलं असेल, त्यांना आता हेही सांगा.”

त्या म्हणाल्या, सांगते. पण मी हललो नाही. त्या आत गेल्या, ऑफिसातल्या दोघींना त्यांनी माझ्यादेखत सांगितलं, तेव्हा घरी आलो.