झोफियाने तापवलेलं चर्च

स्लोव्हाकियातल्या लिप्तोव भागातल्या आमच्या गावात पहिला बर्फ पडला की चर्चला कुलूप लागतं, आणि वसंतापर्यंत उपासना शेजारच्या हॉलमध्ये होते. हे कुणालाच खटकत नव्हतं. खटकलं ते माझ्या मैत्रिणीला, झोफियाला. तिचा नवरा इम्रिख जानेवारीत गेला, आणि त्याची शवपेटी हॉलमधल्या टेबल टेनिसच्या टेबलांमध्ये ठेवावी लागली. ‘येत्या नाताळला चर्च उघडायचंच,’ असं तिने तेव्हाच ठरवलं. झोफियाने ठरवलं म्हणजे विषय संपला.

सुगीच्या सणाला चर्चच्या पंचांनी मात्र वेगळंच ठरवलं. एवढी मोठी इमारत तापवणं झेपायचं नाही, नाताळ हॉलमध्येच. झोफिया तेव्हा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. "मिलोताबाई, तुम्ही तिच्या जवळच्या, तुम्हीच सांगा," असं म्हणून चर्चचे पाळक त्यांच्याकडे असलेल्या दुसऱ्या गावच्या उपासनेला निघून गेले. मी मान डोलावली आणि झोफियापुढे तोंड शिवून बसले.

डिसेंबरात झोफियाने हाक दिली, तेव्हा पंचांचा निर्णय ठाऊक असूनही आम्ही सहाजणी निमूट गेलो. तीन शनिवार खिडक्यांच्या फटींत लोकर कोंबली, बाकांखाली फळ्या टाकल्या, लोखंडी शेगडीचं धुराडं खरवडलं.

"हात आहेत की ओंडके गं?" झोफिया ओरडायची. "एक फट राहिली तर तिथे तुलाच बसवीन!"

आम्ही हसायचो, तिचं कोबीचं आंबट सार ओरपायचो, आणि तिची पाठ वळली की एकमेकींना खुणा करायचो. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी पुढच्या शनिवारी मी जायचेच.

नाताळच्या आदल्या दुपारी तिने शेगडी पेटवली. चर्च छान उबदार झालं. मग उपासनेच्या गीतांचे क्रमांक भिंतीवरच्या पाटीवर लावायला गेली, तर लाकडी आकड्यांची पेटीच जागेवर नव्हती. पेटी शोधत ती हॉलमध्ये आली. आकडे तिथल्या पाटीवर लागलेले होते आणि नाताळच्या उपासनेसाठी गाव खुर्च्यांवर बसलं होतं.

"मिलोता, तुला कधीपासून माहीत होतं?"

"सुगीपासून. तुझं मन मोडवेना गं."

"म्हणून माझा पोरखेळ बघत बसलीस? तोंडावर वेडी म्हणाली असतीस तर सोसलं असतं मी. माझ्या हातचं खाऊन मलाच हसत होतात?"



पाळक पुढे झाले. "झोफियाबाई, एक प्रार्थना चर्चमध्ये जाऊन करू या का?"

"आता माझी समजूत नका काढू. तीन आठवडे तेच चाललं होतं इथे."

ती निघून गेली. मी उठून तिच्यामागे जायला हवं होतं. पाळकांनी पहिलं गीत सुरू केलं, आणि मी ते सगळ्यांबरोबर शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं.