चमेलीचा निळा धागा

आमचा दसरू कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई हाये, पण तोरा असा का लायब्ररी त्याले सासऱ्यानं आंदण देल्ली! रोज दवनीवाड्याहून येते आणि पयले जर्नलचा रॅक पुसते. तो रॅक तीन वर्षांपासून रिकामा.

"काऊन रे, कोणते पाहुणे बसून राहिले तिथं?" मी डिवचलं.

"कुंदाबाई, तुम्ही आपलं रजिस्टर पाहा."

आधी शेतीचे, विज्ञानाचे जर्नल टपालानं यायचे. वर्षाचे बारा अंक जमले का शिवून एक जाड पुस्तक करायचं. म्हाताऱ्या बाइंडरनं दुकान बंद केलं, तं दसरूनं ते काम घरी नेलं. त्याची बायको चमेली मासे धरणाऱ्या घरची, जाळं विणणारे हात. जाळ्याच्याच निळ्या धाग्यानं तिनं शिलाई मारली. पान हलेल तं शपथ! २०११ पासून दरवर्षी तिनंच शिवलं.

चमेली गेली, चार वर्षं झाली. तिच्यामागून टपालही थांबलं. सारे जर्नल कम्प्युटरवर आले. खोटं कायले बोलू, सोय झाली. दरेकशाची चंचल, एमएस्सीची पोरगी, एका लेखासाठी गाडी धरून यायची. आता घरीच मोबाइलवर वाचते. रेंजसाठी टेकडीवर चढते, ते वेगळं.

यंदा उन्हाळ्यात आमचे ग्रंथपाल सर म्हणाले, "सगळं कम्प्युटरवर आहे. शिवलेले गठ्ठे रद्दीत द्या, जागा होईल."

दसरूनं त्या दिवशी चहा नाही घेतला.

"एखादा घरी ने ना चमेलीचा," मी हळूच म्हटलं.

"कॉलेजचा माल हाये, बाई. चोरी करू का?"

दोन दिवसांनी चंचलचा फोन. "मावशी, २००३ चा धानावरचा लेख उघडूनच नाही राहिला. कम्प्युटरवर २०१० च्या आधीचं काहीच नाही!"

दसरूनं ढिगातून २००३ चा गठ्ठा काढला, मी फोटो काढून पाठवले. सरांना सांगितलं, तं त्यांनी लगेच हुकूम फिरवला, "२०१० च्या आधीचे ठेवा. नंतरचे जाऊ द्या."

दसरू हसला. मग हसता हसता थांबला.

"बाई, तिचे तं सारे नंतरचेच."

"एकही नाही राहत?"

"एकही नाही."

रद्दीवाला यायच्या सकाळी पाहते तं दसरू ब्लेड घेऊन फरशीवर. एकेक गाठ कापून धागा ओढून राहिला.

"अरे, काय करून राहिला हे?"

"पानं कम्प्युटरात हायेत, बाई. धागा नाही."

मीही बाजूले बसली. गाठी अशा घट्ट का माझं नख तुटलं.

"तुझी बायको जर्नल शिवत होती का मगर बांधत होती रे?"

दसरू हसला, आणि डोळे पुसले.

२००३ चा गठ्ठा उघडून उघडून सैल झाला होता. दुपारी त्यानं तो त्याच निळ्या धाग्यानं शिवला. शिलाई अशी वाकडी, का पाहवत नव्हती.

"चमेलीनं पाहिलं असतं तं उसवून तुझ्या हाती देल्ली असती," मी म्हटलं.

"द्यावी ना तिनं," दसरू म्हणाला. आणि गठ्ठा नेऊन त्या पुसलेल्या रॅकवर ठेवला.