मॅडम अण्णांना कॉर्नी म्हणाल्या

आमच्या सांगलीच्या मका-बियाण्याच्या ऑफिसात दोघं चहाला टेकले की किस्सा निघतोच, आणि त्यातले निम्मे चौगुले अण्णांचे. अण्णा आमचे सगळ्यात जुने फील्ड ऑफिसर. आधी विनोद, मग बी, ही त्यांची पद्धत!

पुण्याहून नव्या मॅनेजर मॅडम आल्या. विक्री घसरलेली, त्यामुळे पहिल्याच मीटिंगला सगळ्यांचे चेहरे उतरलेले. अण्णा म्हणाले, "मक्याला टक्कल का पडत न्हाई? केस गळायच्या आधीच त्येला सोलत्यात!"

कुणी हसलं नाही. मॅडम म्हणाल्या, "व्हेरी कॉर्नी, अण्णा."

कॉर्न म्हणजे मका! अण्णांना ती पदवीच वाटली. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर स्टेटस, 'कॉर्नी अण्णा'!

* * *

आम्ही आष्ट्याला डीलरकडं गेलो. त्याची मुलगी इंग्रजीत एम.ए. करते. स्टेटस बघून ती म्हणाली, "आवं काका, कोण म्हटलं तुमास्नी असं? कॉर्नी म्हंजे शिळा, गावंढळ विनोद."

अण्णांनी अर्धा चहा तसाच ठेवला. सांगली येईपर्यंत गाडीत एकही विनोद नाही. असे अण्णा मी कधी बघितलेच नव्हते. मला भीतीच वाटली.

* * *

दुसऱ्या दिवशी अण्णा थेट केबिनमध्ये. "मी गावंढळ हाय व्हय, मॅडम?"

बाहेर आम्ही सगळे कान लावून. मॅडम आधी सॉरी म्हणाल्या, मग मोबाईलवर शोधून वाचायला लागल्या. अमेरिकेत म्हणे बियाणं कंपन्या शेतकऱ्यांना कॅटलॉग पाठवायच्या आणि त्यात मधेमधे असलेच विनोद छापायच्या. मक्याच्या कॅटलॉगातले, म्हणून कॉर्नी. "खरंखोटं माहीत नाही, पण असं सांगतात."

अण्णा खुर्ची ओढून बसले. "म्हंजे तिकडला शेतकरीबी हसल्याबिगर बी घेत न्हाई!"

स्टेटस तसंच राहिलं.

* * *

आणि मग कुंडल गावचं प्रकरण. तिथं आमचं बी उगवलंच नाही. मॅडम, अण्णा आणि मी पोचलो, तर बियाण्याच्या दुकानापुढं ही गर्दी! एकानं गाडीची किल्ली काढून घेतली. मागून आवाज आला, "सोडू नका रं ह्यास्नी!" एका म्हाताऱ्या आबांनी कुजलेलं बी मूठभर दुकानाच्या टेबलावर आपटलं.

मॅडम अण्णांच्या मागं सरकल्या. "अण्णा, बोला ना काहीतरी."

अण्णांनी बी हातात घेतलं, चुरडून बघितलं. "चूक आमची हाय. बी बदलून देतो. त्याबिगर मी गावातनं हालत न्हाई."

आबांनी अण्णांकडं रोखून बघितलं. "दर साली जोक सांगतोस. आज न्हाई व्हय?"

"आवं आबा, औंदा कंपनीनंच केलाय की!"

आबांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"लय भिकार हाय," ते म्हणाले. "किल्ली द्या रं त्यास्नी."