गुरुजींच्या धोतरावरचं पाइन

गुरुजी चहा पिऊन बाकावरून उठले, दक्षिणा घ्यायला वळले, आणि हॉलमधले पाहुणे त्यांच्या पाठीमागे बघू लागले. पांढऱ्याशुभ्र धोतराच्या मागे पाइनच्या लाकडाच्या रेषा उमटल्या होत्या. ठसठशीत. एक गाठसुद्धा आली होती.

बाक माझा होता. उल्हासनगरात माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. हा बदलापूरचा नवा फ्लॅट, त्याची वास्तुशांत. घरच्या सूनबाईंना, मुग्धावहिनींना, ‘बर्न्ट फिनिश’ हवं होतं. म्हणजे गॅसच्या टॉर्चने लाकूड वरवर जाळायचं. मऊ भाग जास्त जळतो, कडक रेषा उठून येतात. मग तारेच्या ब्रशने काजळी काढायची आणि सीलर मारायचा. उरलेली काजळी या पारदर्शक थराखाली बंद होते.

सासूबाईंचा पहिल्यापासून विरोध. “नव्या घरात जळकं लाकूड? सरळ पांढरं सनमायका लावा.” वहिनी माझ्या भरवशावर भांडल्या होत्या.

आणि सीलर मी मारलाच नव्हता. वाळायला वेळ नव्हता. काजळी लागते का, म्हणून हात फिरवून पाहिला. पण दिवसभर जळकं लाकूड घासलेला हात आधीच काळा, त्यावर काय दिसणार?

“काय झालं? काय लागलंय?” गुरुजी मागे बघायच्या नादात स्वतःभोवतीच फिरू लागले.

“मुग्धा, सांगत होते ना मी!” सासूबाई कडाडल्या. “तो बाक आजच्या आज गच्चीवर!”

वहिनींचे डोळे भरले. मी लाडू खात भिंतीकडे बघत होतो. “हवेत दमटपणा आहे जरा,” असंही बोलून गेलो. ऐन जानेवारीत.

मग लाडू खाली ठेवला. “काकू, वहिनींची चूक नाही. सीलरचा शेवटचा हात मी मारला नाही. मला माहीत होतं.”

सासूबाईंनी मला वरून खाली न्याहाळलं. कार्यक्रमाला म्हणून मी पांढरी पँट घालून आलो होतो.

“असं? मग पंगती उठेपर्यंत तुम्ही त्याच बाकावर बसा.”

बसलो. मठ्ठा त्यांनी स्वतः आणून दिला, दोनदा. परतताना रिक्षावाला म्हणाला, “अंकल, पेपर डालके बैठो.”

दुसऱ्या दिवशी सीलर मारला, गुरुजींना नवं धोतर दिलं. बाक हॉलमध्येच आहे. सासूबाईच त्यावर बसतात आणि वहिनींना सरकूनही देत नाहीत.

लाकूड जाळणाऱ्याने स्वतःच्या हातावर विश्वास ठेवू नये. डिलिव्हरीआधी घरातला पांढरा टॉवेल फिरवावा, आणि बायकोने बघायच्या आत धुऊन टाकावा.