केदार नावाचं क्रियापद

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "नाना गेले," ती म्हणाली. "कुठे?" मी विचारलं. इंग्रजी शाळेत शिकल्याचा परिणाम म्हणा. शिवाय नाना रोज कुठे ना कुठे जायचेच. ती रडायला लागली, तेव्हा कळलं...

नाना म्हणजे माझे मोठे काका. खानदेशातून सुरतला आले आणि पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवणारे डाइंग मास्टर म्हणून निवृत्त झाले. मागच्या वर्षी आमच्या कंपनीच्या कापडाला पेरूचं गिऱ्हाईक मिळालं आणि मला स्पॅनिश शिकायला सांगितलं. चारचौघांत मराठीसुद्धा माझ्या तोंडून फुटत नाही. मी खोलीचं दार लावून पुटपुटत बसायचे, केदार, केदार... तिसऱ्या दिवशी नाना दारात उभे. "कोन शे हाऊ केदार? काय करस?" त्यांच्यामागे आई, चेहरा पडलेला. "क्रियापद आहे, नाना!" "असू दे. पण नोकरीला आहे ना?"

हसून झाल्यावर ते समोर बसले. मी सांगितलं, केदार म्हणजे राहणे, उरणे; आणि कपडा अंगावर शोभणे, त्यालाही हेच. 'मे केदा बियेन', मला छान दिसतं. पण यात 'मी'चं 'मला' कसं झालं, ते इंग्रजीत मला बसवताच येईना. "आपण काय म्हणतो? हा रंग मला खुलतो. मलाच ना? मग इंग्रजीवरून कशाला जातेस? इथे शेजारच्या कामरेजला कोणी मुंबईवरून जातं का?" मग म्हणाले, "आणि राहणं काय, शोभणं काय, एकच. धुतल्यावर राहतो तो रंग." त्या दिवसापासून संध्याकाळच्या चहाआधी "केदार काय म्हणतोय?" ठरलेलं. एक वाक्य मोठ्याने म्हटल्याशिवाय कप हातात मिळायचा नाही.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी गिऱ्हाइकाशी पहिला व्हिडिओ कॉल होता. जमणार नाही, दुसऱ्या कोणाला बसवा, असा मेल मी लिहूनही ठेवला होता. पाठवला नाही. नानांनी माझ्यासाठी मिलमध्ये रंगवलेली निळी ओढणी घेऊन बसले. पडद्यावरच्या बाई आधी ओढणीकडेच बघत म्हणाल्या, "ते केदा बियेन." तुला शोभतेय. माझ्या काकांनी रंगवलीय, मी स्पॅनिशमध्ये म्हणाले... आणि लक्षात आलं, या वेळी मी मुंबईवरून गेले नव्हते. पुढचा अर्धा तास चुकत चुकत, पण मीच बोलत होते.

काल ती ओढणी धुतली. बादलीतलं पाणी स्वच्छ राहिलं.