रिकामी टोपली

चैत्रात अवकाळी पाऊस पडून गेला, की घरामागच्या राईत उन्मळून पडलेल्या आंब्याच्या खोडावर धिंगरी उमलते. शिंपल्यांसारखी शुभ्र अळंबी, एकीवर एक रचलेली. माझ्या आचारधर्मात ती निषिद्ध. तरी मृत काष्ठातून अन्न उपजवणारी ती ईश्वराची करणी पाहून हात जोडावेसे वाटतात.

सूनबाई मात्र ती आवडीने रांधते. यंदा तिचा धाकटा भाऊ खास त्यासाठी दुरून आला होता. राईत त्यांच्यामागून मीही काठी टेकीत गेलो. ती प्रथम खोडाला नमस्कार करी, प्रत्येक झुबका उलटून पाही, हुंगी आणि मगच टोपलीत ठेवी. तेवढ्यात भावाने पलीकडच्या कुजक्या बुंध्यावरची मूठभर अळंबी आणून त्यात टाकली.

"ही कुठली रे?"

"तीच की! पंडितांच्या घरी येऊन तूही शंकेखोर झालीस, ताई."

मिसळलेली सारी सारखीच पांढरी; त्यांत एखादी विषारी असली तरी निवडता येणार नव्हती. तिने क्षणभर पाहिले, टोपली जवळच्या खड्ड्यात रिती केली आणि वर माती लोटली.

"अगं, तुझ्या हातचं खायला एवढ्या लांबून आलो मी!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

संयम हा शब्द मी जन्मभर उच्चारला. तो माझ्याच घरात नांदतो आहे, हे त्या सकाळी दिसले.

दुपारी पिठलंभात होता. धिंगरीच्या दिवशी माझे पान वेगळे मांडतात. यावेळी मात्र मी पाहुण्याच्या शेजारी, एकाच पंक्तीत बसलो.

"पोटभर जेवा," मी ताठ मानेने म्हणालो, "आमच्या सूनबाईच्या हातचं आहे."